न काढलेल्या चित्रांची करामत

बॅटमॅनच्या त्या गाजलेल्या कार्टून मालिकेची सुरुवात आठवा. लालसर आभाळ, त्यात पोलिसांची संथ तरंगणारी हवाई जहाजं. बँकेत स्फोट होतो, दोन चोर छपरांवरून पळत सुटतात आणि त्यांच्यासमोर एक काळी आकृती उतरते. हातातलं पिस्तूल कधी उडालं हे चोराला कळत नाही. चार ठोसे, आणि पोलीस पोचतात तोवर दोघं बांधून पडलेले! वर गच्चीवर कुणीतरी उभं आहे. वीज चमकते नि चेहरा दिसतो. जेमतेम एका मिनिटाचा खेळ. मालिकेचं नावसुद्धा पडद्यावर येत नाही, कारण ते सांगायची गरजच उरलेली नसते.

'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज' अमेरिकेत सप्टेंबर १९९२ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे १९९५ साली कार्टून नेटवर्क आलं आणि केबलच्या वायरी अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांतून घरोघरी पोचल्या, तसा हा बॅटमॅनही पोचला. इंग्रजी कळो न कळो, आमची पोट्टी टीव्हीसमोरून हलायची नाहीत. ठोसा कळायला भाषा कशाला लागते?

आता गंमत बघा. इतक्या अमेरिकन नायकाचं ते एक मिनिट हलतं केलं जपानमधल्या टीएमएस नावाच्या स्टुडिओने! आणि ही काही एका मिनिटाची गोष्ट नाही. मालिकेतला वटवाघूळ-माणसाचा भाग 'ऑन लेदर विंग्ज' आणि मिस्टर फ्रीझची व्यथा सांगणारा 'हार्ट ऑफ आइस' हे दोन्ही भाग जपानच्या स्पेक्ट्रम स्टुडिओतून आले. 'फीट ऑफ क्ले'चा दुसरा भाग पुन्हा टीएमएसचा. त्याचा शेवट जमलं तर थांबवत थांबवत पाहा. मातीचा माणूस झालेला तो नट आपल्याच जुन्या भूमिकांचे चेहरे पडद्यांवर पाहतो आणि त्याचं शरीर एकेका चेहऱ्यात वितळत जातं. नाक ओघळतं, खांदा फुगतो, एका डोळ्यात दुसरा डोळा उगवतो. हे सगळं हाताने काढलेलं आहे. संगणक नाही, कागद आणि पेन्सिल.

मग अमेरिकेत काय होत होतं? गोष्ट, संवाद, पात्रांचे नमुने, कुठल्या दृश्यात कोण कुठे उभं राहणार याचे आराखडे, हे सगळं तिथे. ब्रूस टिम यांनी पात्रं अगदी मोजक्या, टोकदार रेषांत बसवली. एरिक रॅडॉम्स्की यांनी तर पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवायला लावली. म्हणजे चित्रकार अंधार रंगवतच नव्हता! अंधार कागदातच होता, रंगवायचा तो फक्त उजेड. हा सगळा ऐवज जहाजाने-विमानाने पूर्वेकडे जायचा आणि हजारो चित्रं काढायचं कष्टाचं काम जपान-कोरियातल्या स्टुडिओंत व्हायचं, कारण तिकडे ते स्वस्तात व्हायचं. हिशेब साधा होता. पण हात ज्याचा, वळण त्याचं. कागद अमेरिकेचा असला तरी पेन्सिल धरणाऱ्या बोटांना ठोसा कसा थांबवावा आणि कसा सोडावा याची सवय जपानी होती.

ही सवय आली कुठून? त्यासाठी थोडं गणित करू. फार नाही, गुणाकारापुरतं.

सिनेमात एका सेकंदात २४ फ्रेम सरकतात. कार्टूनच्या एका भागाची लांबी २२ मिनिटं धरा. २२ गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे ३१,६८० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायचं तर एका पात्राची तितकी चित्रं लागतील. पण आपला मेंदू मोठा उदार आहे. एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं, तरी त्याला हालचाल अखंड दिसते. चित्रं अर्ध्यावर आली. तीन फ्रेम धरून ठेवलं तर? १०,५६०. सेकंदाला आठच चित्रं! आता मात्र डोळ्याला किंचित खडखड जाणवू लागते.

१ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांचा 'अ‍ॅस्ट्रो बॉय' जपानी टीव्हीवर आला तो हीच खडखड घेऊन. दर आठवड्याला अर्धा तास, पैसे तुटपुंजे, माणसं मोजकी. तेझुका वैद्यकशास्त्र शिकलेले, पण जीव चित्रकथेत. त्यांच्या मुशी स्टुडिओने चित्रं वाचवायच्या जमतील तेवढ्या युक्त्या लढवल्या. पात्र बोलत असेल तर फक्त ओठ हलवा. एकच मोठं चित्र काढा आणि कॅमेरा त्यावरून सरकवा. नायक उडतोय? त्याला तसाच ठेवा आणि मागे रेघा धावू द्या. एकदा काढलेलं उड्डाण जपून ठेवा, पुढच्या भागात पुन्हा वापरा.

चित्रं वाचवणं हे काही जपानचं एकट्याचं नाही. अमेरिकेत 'फ्लिंटस्टोन्स' १९६० मध्येच त्या वाटेने निघाली होती. फरक पडला तो वाचवलेल्या चित्रांच्या जागी काय ठेवलं यात. अमेरिकेने त्या जागी गप्पा नि विनोद ठेवले. जपानने ठेवला ताण. पात्र हलत नाही, पण वारा केस हलवतो. डोळा पडदाभर मोठा होतो. सगळं गोठतं, गोठतं, आणि मग दोन-तीन फ्रेममध्ये तडाखा! त्या तडाख्याच्या क्षणी एखादीच फ्रेम नुसती काळी-पांढरी, रंग गायब. पाहणाऱ्याला ती वेगळी दिसत नाही. दणका मात्र बसतो.

अमरावतीकरांना हे समजायला जपानला जायची गरज नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब पाहिलाय ना? १९१४ साली सुरू झालेली ही संस्था, १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन तिच्या पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखवले. खांबावर अढी घालून पोरगा उलटा लटकतो, हात सोडतो, आणि थांबतो. त्या थांबण्यात आपला श्वास अडकतो. मग डोळ्याची पापणी लवायच्या आत फिरकी घेऊन तो दुसऱ्याच पकडीत असतो. मधलं काहीच आपण नीट पाहिलेलं नसतं. आपल्याला आठवतात ती थांबलेली दोन शरीरं आणि त्यांच्यामधली वीज. जपानी अ‍ॅनिमेशनचं व्याकरण नेमकं हेच: पवित्र्याला भरपूर वेळ द्यायचा, मधल्या प्रवासाला जवळजवळ काहीच नाही.

पण थांबा. हे जपानने शून्यातून उभं केलं असं समजू नका, कारण याच्याही मागे एक अमेरिकन माणूस उडतोय.

१९४१ साली फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने सुपरमॅनचे छोटे रंगीत कार्टूनपट काढायला घेतले. पहिल्याच चित्रपटाला सुमारे ५० हजार डॉलर खर्च आला, त्या काळी अशा छोट्या कार्टूनसाठी ही डोळे फिरवणारी रक्कम. चित्रकथेतला सुपरमॅन तोवर उडत नव्हता बरं का, तो इमारतींवरून लांब उड्या मारायचा. उड्या मारणारा माणूस पडद्यावर हास्यास्पद दिसू लागला, तेव्हा अ‍ॅनिमेटरांनी त्याला सरळ उडवलं. आज जगातलं शेंबडं पोरही सुपरमॅन म्हणजे हात पुढे करून उडणारा माणूस हे ओळखतं, त्याचं मूळ चित्रं काढणाऱ्यांच्या एका अडचणीत आहे!

त्याच मालिकेत 'द मेकॅनिकल मॉन्स्टर्स' नावाचा भाग आहे. लोखंडी राक्षस, पंख फुटून उडणारे, बँका लुटणारे. हा भाग मनात धरून बसलेला एक जपानी अ‍ॅनिमेटर होता हायाओ मियाझाकी. १९८० मध्ये त्यांनी 'लुपिन' मालिकेच्या शेवटच्या भागात तसाच यंत्रमानव शहरावरून उडवला आणि १९८६ च्या 'कॅसल इन द स्काय' या चित्रपटात त्याच्या खांद्यावर शेवाळ चढवलं, पक्षी बसवले, त्याला एकटेपणा दिला. तेझुकांच्या पात्रांचे ते टपोरे डोळे? तेही फ्लायशरांची बेटी बूप आणि डिस्नेची हरणं पाहून मोठे झालेले. म्हणजे अमेरिकेने पेरलं, जपानने टंचाईच्या पाण्यावर वाढवलं आणि पन्नास वर्षांनी बॅटमॅनच्या रूपात ते अमेरिकेच्या दारात परत उभं राहिलं.

आणि वऱ्हाड या सगळ्यात कुठे होतं? अगदी मध्यात होतं, फक्त आपल्याला पत्ता नव्हता.

१९९० च्या दशकातली रविवार सकाळ. दूरदर्शनवर मोगली. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, आणि शेरखानच्या जबड्यातून येणारा नाना पाटेकरांचा आवाज. कोणत्या घरात ती मालिका लागली नाही? ती मालिका जपानी होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेली. किपलिंगच्या मोगलीचं रान म्हणजे सिवनीचे डोंगर, त्याची नदी म्हणजे वैनगंगा, जी पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. सातपुड्याच्याच रांगांत इकडे पश्चिमेला अमरावती जिल्ह्याचं मेळघाट. म्हणजे काय झालं पाहा: आपल्या उंबऱ्यावरचं जंगल एका इंग्रज लेखकाने लिहिलं, जपानी चित्रकारांनी काढलं, आणि मराठी नटाच्या आवाजात वाघ बनून ते परत आपल्या घरात डरकाळी फोडू लागलं. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी राहणारी पोट्टी मेळघाटच्या वाघाची भीती जपानी रेषांतून शिकली!

त्या मोगलीची झेप आठवा. फांदीवर दबा धरून बसलेला, डोळे रोखलेले, सगळं स्तब्ध. मग एकदम झडप. बॅटमॅन केबलवर आला तेव्हा आपल्या डोळ्यांना ती भाषा आधीच येत होती.

याच काळात उलट दिशेनेही एक पूल बांधला जात होता. युगो साको हे जपानी निर्माते भारतात आले, रामायणाने भारावले आणि मुंबईचे ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर राम मोहन यांना सोबत घेऊन त्यांनी 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट केला. आपला हनुमान जपानी अ‍ॅनिमेशनच्या शैलीत समुद्र ओलांडतो तेव्हा त्याच्या शेपटीला, ढगांना, खाली दिसणाऱ्या लाटांना प्रत्येकाला स्वतःचा वेग आहे. नव्वदीच्या सुरुवातीचा हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये नव्याने उजळून देशभरच्या चित्रपटगृहांत लागला. मोठ्या पडद्यावर ज्याने तो पाहिला त्याला मी काय सांगतोय ते लगेच कळेल.

तिकडे अमेरिकेत नव्या शतकात एक वेगळीच पिढी कामाला लागली. आधीच्यांना जपान स्टुडिओच्या बिलावर भेटला होता, यांना तो लहानपणीच टीव्हीवर नि व्हिडिओ कॅसेटवर भेटला होता. २००३ मध्ये ग्लेन मुराकामींची 'टीन टायटन्स' आली. शीर्षकगीत पफी अमीयुमी या जपानी जोडीचं, आणि त्यातली खुबी अशी की भाग गंभीर असेल तर गाणं इंग्रजीत, भाग धमाल असेल तर जपानीत! मुलं गाण्याच्या पहिल्या ओळीवरूनच आज काय वाढून ठेवलंय ते ओळखायची. लाजलं की पात्राच्या कपाळावर घामाचा भलामोठा थेंब, चिडलं की डोकं शरीराहून मोठं. खरं सांगायचं तर हे घामाचे थेंब मला जपानी प्रभावातला सगळ्यात वरवरचा भाग वाटतात. ते कुणालाही चिकटवता येतात. चिकटवता येत नाही तो थांबण्याचा धीर.

तो धीर पाहायचा तर 'जस्टिस लीग अनलिमिटेड'चा २००६ सालचा 'डिस्ट्रॉयर' हा भाग पाहा. सुपरमॅन खलनायक डार्कसाइडसमोर उभा आहे. तो सांगतो की आपण आयुष्यभर हात राखून वागलो, कारण आपल्या ताकदीपुढे हे जग पुठ्ठ्याचं आहे. बोलताना तो जवळपास हलत नाही. आणि मग तो ठोसा, ज्याने डार्कसाइड इमारतींच्या आरपार जातो! भागाचे दिग्दर्शक जोआकिम दोस सांतोस. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे हाच माणूस 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'मध्ये काम करून, त्या जपानी वळणाच्या मालिकेत आणखी मुरून, थेट आपल्या मुंबईच्या आभाळात येणार आहे.

मधे एक मोठी क्रांती होऊन गेली होती. संगणक आला. आणि संगणकाने न काढलेल्या चित्रांचा प्रश्नच मिटवला. पात्राचा हात इथे, मग तिथे, एवढं सांगा. मधल्या सगळ्या फ्रेम तो स्वतः भरतो, न कंटाळता, एकही न चुकवता. टंचाई संपली. मग टंचाईतून आलेली शैलीही संपायला हवी होती, नाही का?

२०१८ मध्ये सोनीचा 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' आला आणि त्याने भल्याभल्यांना चक्रावून सोडलं. त्या चित्रपटाच्या अ‍ॅनिमेटरांनी संगणकाने फुकट भरून दिलेल्या फ्रेम काढून टाकल्या! एक चित्र दोन फ्रेम धरायचं, जुन्या हातकामासारखं. हलताना येणारी धूसर छटाही काढून टाकली, त्या जागी हाताने ओढल्यासारख्या रेषा ठेवल्या. नेहमीच्या संगणकी चित्रपटापेक्षा वेळ कितीतरी जास्त गेला. म्हणजे एके काळी पैसे नाहीत म्हणून जे सोडून द्यावं लागलं, तेच सोडून देण्यासाठी आता पैसे मोजले गेले.

जंगलातलं एक दृश्य आहे. नवशिका माइल्स मोरालेस आणि मुरलेला पीटर पार्कर झाडांमधून झोके घेत निघालेत. दोघं एकाच चौकटीत. पण पीटर सेकंदाला २४ चित्रांत हलतो आणि माइल्स १२ चित्रांत. प्रेक्षकाला हे कुणी सांगत नाही, मोजणं तर शक्यच नाही. तरीही प्रत्येकाला जाणवतं की हा पोरगा अडखळतोय, याला अजून जमत नाहीये. पुढे तो स्वतःवर विश्वास ठेवून इमारतीवरून उडी घेतो तेव्हा त्याची हालचाल लोण्यासारखी सरळ झालेली असते. फ्रेमची संख्या म्हणजे पात्राचा आत्मविश्वास! हे सुचलं कुणाला असेल?

आणि मग जून २०२३. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', तीन दिग्दर्शकांपैकी एक तेच दोस सांतोस. माइल्स एका दुनियेत जाऊन पडतो, जिचं नाव मुंबातन. मुंबई अधिक मॅनहॅटन. इमारतींवर इमारती, वाहनांवर वाहनं, आणि त्यांच्यामधून झोके घेणारा पवित्र प्रभाकर. हा पवित्र मुळात २००४ च्या 'स्पायडर-मॅन: इंडिया' चित्रकथेतला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलेला. चित्रकथेत तो खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकायला आलेला, धोतरावरून शाळेत चिडवला जाणारा, माया मावशी आणि भीम काका यांच्याकडे राहणारा. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठून कुणा नातेवाइकाकडे कोपऱ्यात पथारी टाकलेल्या वऱ्हाडी पोरांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. चित्रपटातल्या पवित्रच्या हालचालींत कळरिपयट्टू या केरळी युद्धकलेचा अंश आहे: लांब, खाली वाकलेले पवित्रे, आणि त्यांतून सुटणारी झेप.

पण माझ्या मते खरा चमत्कार त्याच्या मागच्या चित्रात आहे. मुंबातनचा रंग, तिच्या छपाईसारख्या दिसणाऱ्या ठिपक्या-रेघा कुठून घेतल्या? सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्समधून! टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईतून मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली, बी. गोविंद यांच्या मुखपृष्ठांची ती पातळ पुस्तकं. वेताळ, मँड्रेक, नंतर आबिद सुरतींचा बहादूर. मराठीतही यायची, एसटी स्टँडच्या स्टॉलवर टांगलेली असायची. त्या स्वस्त छपाईत चार शाया एकमेकींवर नेमक्या बसायच्या नाहीत. वेताळाच्या जांभळ्या अंगाची कडा बाहेर सांडायची, गालाचा रंग ओठाबाहेर यायचा. वाचणारं पोर ते लक्षातही घेत नसे.

'स्पायडर-व्हर्स'च्या तंत्रज्ञांनी नेमकी हीच चूक चित्रपटात मुद्दाम घातली. लांबची वस्तू पुसट न करता तिचे रंग एकमेकांपासून जरासे सरकवले, जणू छापताना कागद हलला. टोकियोतली फ्रेमची टंचाई आणि मुंबईतली शाईची घसर, दोन्ही गरिबीची लेकरं, एका अमेरिकन चित्रपटात एका भारतीय नायकाभोवती एकत्र आली. भारतात तो चित्रपट मराठीसकट दहा भाषांत लागला. पवित्रला हिंदी आणि पंजाबीत आवाज दिला क्रिकेटपटू शुभमन गिलने.

न काढलेल्या चित्रांची ही करामत घरी करून पाहता येते. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साधारण संगणकावर चालतं. एखाद्या पात्राचे दोन पवित्रे ठेवा, मल्लखांबावरची अढी आणि त्यापुढची फिरकी घेतलीत तर उत्तमच. मधल्या फ्रेम ब्लेंडर लगेच भरून टाकेल आणि हालचाल पाण्यासारखी गुळगुळीत, पण निर्जीव दिसेल. मग ते भरणं बंद करा, त्या पर्यायाचं नाव आहे 'कॉन्स्टंट'. पहिला पवित्रा दहा-बारा फ्रेम तसाच धरून ठेवा. मध्ये एकच चित्र, ताणलेलं, वेडंवाकडं. मग लगेच दुसरा पवित्रा. आता चालवून बघा, पात्र खांबावरून सुटल्यासारखं उसळेल.